नात्यांची नावे आणि घराण्याचा वंशवृक्ष

कोणत्याही समाजाचा इतिहास हा शेवटी त्यातील घराण्यांचा इतिहास असतो. मंदिरांच्या प्रतिष्ठेच्या तिथी, संस्थांची इतिवृत्ते आणि देणगीदारांच्या शिला यांवरून समाजाची बाह्य वाटचाल कळते. परंतु ही माणसे एकमेकांची कोण होती, कोणत्या घरची लेक कोणत्या घरी सून म्हणून गेली, कोणाच्या आधाराने कोण या गावी आला, हे वंशावळीवाचून उमगत नाही. अलीकडे अनेक घराण्यांतील तरुण मंडळी पूर्वजांची नावे जमविण्याच्या कामास लागली आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र या कामात पहिली अडचण नावे न मिळण्याची नसते. ती असते मिळालेल्या नावाचे नाते नेमके ओळखण्याची.

नंदुरबार परिसरातील जैन घराण्यांपुढे ही अडचण काहीशी अधिक गुंतागुंतीची आहे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. धुळे जिल्ह्याचे पूर्वीचे नाव पश्चिम खानदेश, आणि १९०६ पूर्वी तर पूर्व व पश्चिम असा भेदच नव्हता. सारा मुलूख खानदेश म्हणूनच ओळखला जाई. त्यामुळे एकाच घराच्या चार पिढ्यांच्या कागदांवर चार जिल्ह्यांची नावे आढळतात, आणि घर मात्र जागचे हललेले नसते. नावांचा हाच घोळ नात्यांच्या बाबतीतही होतो. मारवाडातून आणि गुजरातेतून व्यापारानिमित्त आलेल्या कुटुंबांत घरची बोली मारवाडी किंवा गुजराती राहिली. पेठेत अहिराणी कानी पडे, शाळेत आणि कचेरीत मराठी चाले. पिता-पितामहांच्या एकाच बहिणीला मारवाडी घरात भुआ, गुजराती घरात फोई, अहिराणीत फुई आणि मराठीत आत्या म्हटले गेले. माणूस एकच, नाते एकच, शब्द चार. असे असेल तेथे फारसा धोका नाही. धोका आहे तो शब्द एक आणि नाती अनेक असतील तेथे.

एक शब्द, अनेक माणसे

जुने पत्र वाचताना किंवा वृद्धांच्या आठवणी टिपून घेताना तीन शब्दांपाशी विशेष थांबावे लागते : दादा, नाना आणि बाबा. मारवाडी व गुजराती घरांत दादा म्हणजे वडिलांचे वडील. मराठीत दादा म्हणजे थोरला भाऊ, आणि कित्येक घरांत मुले वडिलांनाच दादा म्हणतात. मारवाडी घरात नाना म्हणजे आईचे वडील. मराठीत मात्र नाना हे अण्णा, तात्या, आबा यांसारखे घरातील कोणाही वडीलधाऱ्याचे संबोधन आहे. मराठीत बाबा म्हणजे वडील. मारवाडी घरांतील ‘बाबोसा’ हे वडिलांचे थोरले बंधू होत. दोन-तीन भाषांत वाढलेल्या घरात हे शब्द एकमेकांत मिसळून जातात. ‘दादांनी दुकान सुरू केले’ या एका वाक्यातील दादा आजोबा होते, वडील होते की थोरले बंधू, यावर दुकानाचा इतिहास एक वा दोन पिढ्यांनी मागेपुढे सरकतो.

दुसरा घोळ शब्दाच्या रुंदीचा आहे. आईच्या गावचा प्रत्येक पुरुष मामा आणि प्रत्येक स्त्री मावशी ही खानदेशातील जुनी रीत. त्यात जात, धर्म वा रक्तसंबंध पाहिला जात नसे, आणि त्यातच या रीतीचे सौंदर्य आहे. परंतु वंशावळ लिहिणाऱ्याने ‘मामा’ या शब्दापुढे सख्खा, चुलत, सावत्र की मानलेला, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. ‘काका’ या शब्दाचेही तसेच. वडिलांचे सख्खे भाऊ, चुलत भाऊ, भागीदार आणि शेजारी हे चौघेही काका असू शकतात.

तिसरा घोळ थोर-धाकुटेपणाचा. मारवाडीत आणि गुजरातीत पतीचा थोरला भाऊ जेठ आणि धाकटा देवर किंवा दियर. त्यांच्या पत्नी जेठाणी आणि देराणी. मराठीत दोघेही दीर आणि दोघीही जावा. त्यामुळे मारवाडी बोलीतील आठवण मराठीत उतरवताना भावंडांचा क्रम हरवतो. नातवंडांचेही असेच आहे. मारवाडीत मुलाचा मुलगा पोता आणि मुलीचा मुलगा दोहिता, म्हणजे संस्कृतातील पौत्र आणि दौहित्र. मराठीत दोघेही नातू. ‘मेहुणा’ हा शब्द तर पत्नीच्या भावालाही चालतो आणि बहिणीच्या पतीलाही. म्हणजे एकदा लेक देणारे घर आणि एकदा लेक घेणारे घर, दोन्ही एकाच शब्दात येतात. टिपण करताना मूळ बोलीतील शब्द जसाच्या तसा लिहून ठेवावा आणि त्याचा अर्थ शेजारी द्यावा, हे बरे.

वर्गवारीच्या कसोट्या

नात्यांची वर्गवारी हा अभ्यासाचा स्वतंत्र विषय आहे. अमेरिकन अभ्यासक लुईस हेन्री मॉर्गन याने १८७१ साली जगातील अनेक भाषांतील नातेवाचक शब्दांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. काही शब्द एकाच नेमक्या नात्याचे वर्णन करतात, तर काही शब्द अनेक नात्यांना एका वर्गात घालतात, हा भेद त्याने मांडला. महाराष्ट्रात डॉ. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात भारतातील आप्तसंबंधांची उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व अशी विभागणी केली. राजस्थान, गुजरात आणि महाराष्ट्र हे त्यांच्या मांडणीत मध्य विभागात येतात. उत्तरेकडे जवळच्या आप्तांत विवाह वर्ज्य, दक्षिणेकडे मामाच्या मुलीशी विवाह इष्ट, आणि मधल्या पट्ट्यात दोन्ही रीतींची सरमिसळ, असे हे चित्र आहे.

या अभ्यासातून घराण्याच्या इतिहासकाराला उपयोगी पडतील अशा पाच कसोट्या हाती लागतात. पहिली, नाते रक्ताचे, विवाहाचे की दत्तकाचे. दुसरी, ते पित्याच्या बाजूचे की मातेच्या. तिसरी, ते सरळ रेषेतील की बाजूच्या शाखेतील. आजोबा सरळ रेषेत येतात, आजोबांचे भाऊ बाजूच्या शाखेत. चौथी, पिढी कोणती. आणि पाचवी, दोघांना जोडणारी मधली व्यक्ती स्त्री की पुरुष. भावाचा मुलगा पुतण्या आणि बहिणीचा मुलगा भाचा, हा भेद या पाचव्या कसोटीचाच आहे.

या कसोट्यांवर मराठी भाषा अतिशय समृद्ध ठरते. इंग्रजीत ‘कझिन’ या एका शब्दात चुलत, आते, मामे आणि मावस अशी चारही भावंडे, तीही बंधू-भगिनी असा भेद न करता, सामावून जातात. परदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबांतील मुलांना म्हणूनच आतेभाऊ आणि मावसभाऊ यांतील फरक समजावून सांगावा लागतो. इंग्रजीचा एक गुणही मान्य केला पाहिजे. ती अंतर आकड्यांत सांगते. सामाईक पूर्वज किती पिढ्या वर आहे ते त्या आकड्यावरून कळते. मराठीत ‘चुलत’ हा शब्द एका आजोबांच्या नातवंडांनाही लागतो आणि सैलपणे चार पिढ्यांपूर्वी फुटलेल्या शाखांनाही. म्हणून ‘चुलत’ म्हटल्यावर दोघांचा सामाईक पूर्वज आजोबा, पणजोबा की खापरपणजोबा, हे लिहून ठेवावे.

शब्दावरून घाईने निष्कर्ष काढणेही योग्य नव्हे. मराठी घरांत सून सासऱ्यांना ‘मामंजी’ आणि सासूबाईंना ‘आत्याबाई’ म्हणत असे. मामाच्या वा आत्याच्या घरी लेक देण्याच्या जुन्या चालीची ही खूण मानली जाते. परंतु अशी चाल नसलेल्या घरांनीही शेजारच्या भाषेतून हे शब्द उचलले. एखाद्या ओसवाल घरातील जुन्या पत्रात ‘मामंजी’ हा शब्द आला, तर त्यावरून पती-पत्नी मामे-आते भावंडे होती असे अनुमान काढता येत नाही.

वही, प्रतिमालेख आणि सरकारी दप्तर

वंशावळीची साधने निरनिराळी, आणि प्रत्येक साधनाची नात्यांकडे पाहण्याची दृष्टीही निराळी. गुजरातेत वहीवंचा बारोट आणि मारवाडात भाट व कुलगुरू यांनी पिढ्यान्पिढ्या घराण्यांच्या वह्या राखल्या. त्यांचे ऋण मोठे आहे. या वह्यांची मांडणी पित्याकडून पुत्राकडे जाणारी असते. पत्नीची नोंद काही ठिकाणी माहेरच्या गोत्रासह मिळते. पण मुलीचे नाव आले, तरी तिची मुले-बाळे त्या वहीत येत नाहीत. ती दुसऱ्या घराच्या वहीत जातात, आणि दोन वह्या एकमेकींशी बोलत नाहीत.

जैन समाजाचे भाग्य असे की त्याच्यापाशी आणखी एक साधन आहे, ते म्हणजे प्रतिमालेख. मध्ययुगीन धातुप्रतिमांच्या पाठीमागे कोरलेल्या लेखांत संवत, ज्ञाती, प्रतिमा भरविणारा श्रावक आणि प्रतिष्ठा करणारे आचार्य यांची नावे येतात. त्यात ‘श्रे.’ म्हणजे श्रेष्ठी, ‘भा.’ म्हणजे भार्या, ‘पु.’ म्हणजे पुत्र अशी संक्षिप्त अक्षरे असतात. उपकेश, श्रीमाल वा प्राग्वाट ज्ञातीचा उल्लेख करून आई, वडील, पत्नी वा स्वतः यांच्या श्रेयासाठी प्रतिमा भरविल्याचे त्यात सांगितलेले असते. हस्तलिखितांच्या अखेरच्या प्रशस्तींतही अशी कुटुंबे भेटतात. वहीत न सापडणाऱ्या स्त्रियांची नावे येथे धातूवर आणि कागदावर टिकून राहिली आहेत.

सरकारी दप्तराची भाषा पुन्हा वेगळी. गाव नमुना सहा ‘क’ या वारस नोंदवहीत मृत खातेदाराशी असलेले नाते लिहिलेले असते. जुन्या सातबाऱ्यावरील ‘ए. कु. मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. या एका नावामागे अनेक भाऊ दडलेले असतात. ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञान पालन कर्ता. अज्ञान मुलाच्या नावापुढे पालनकर्ता म्हणून मामाचे नाव आढळले, तर वडील लवकर गेले असावेत आणि आजोळाने आधार दिला असावा, असा तर्क करता येतो. त्याला दुसरा पुरावा मात्र शोधावा.

आडनावावर तर मुळीच विसंबू नये. कोठारी, भंडारी, मेहता ही नावे पदावरून वा व्यवसायावरून पडली, आणि ती निरनिराळ्या ज्ञातींत आढळतात. गुजराती जैनांतील शाह या आडनावावरून गोत्र ठरत नाही. आडनाव सारखे म्हणून नाते जोडले, की वंशवृक्षाला परक्याची फांदी लागते.

कल्पसूत्रातील कुटुंब

नात्यांची नोंद कशी असावी याचा एक प्राचीन आदर्श समाजापुढे प्रतिवर्षी पर्युषण पर्वात वाचला जातो. कल्पसूत्रात भगवान महावीर स्वामींच्या कुटुंबाची माहिती आली आहे, आणि आचारांग सूत्रातही तिचा उल्लेख आहे. पिता सिद्धार्थ, गोत्र काश्यप. त्यांची आणखी दोन नावे श्रेयांस आणि यशस्वी. माता त्रिशला, गोत्र वासिष्ठ; त्यांचीही विदेहदत्ता आणि प्रियकारिणी अशी आणखी दोन नावे. काका सुपार्श्व, थोरले बंधू नंदिवर्धन, भगिनी सुदर्शना. पत्नी यशोदा, गोत्र कौंडिण्य. कन्या प्रियदर्शना, जिचे दुसरे नाव अनवद्या, गोत्र काश्यप. आणि अखेरीस कन्येची कन्या शेषवती, जिला यशोवती असेही म्हणत. तिचे गोत्र कौशिक.

वंशावळकाराच्या दृष्टीने ही नोंद फार मोलाची आहे. व्यक्तीची पर्यायी नावे तिच्यात आहेत. सासर-माहेरची गोत्रे वेगवेगळी दिली आहेत. कन्या काश्यप गोत्राची आणि तिची कन्या कौशिक गोत्राची, यावरून गोत्र पित्याकडून येते हे दिसते. आणि गोत्र बदलले तरी नाते तुटत नाही, हेही दिसते. पुढील काळातील बहुतेक वह्यांत जिला स्थान मिळाले नसते, ती मुलीची मुलगी येथे नावासह उपस्थित आहे.

श्वेतांबर टीकाग्रंथांच्या परंपरेनुसार प्रियदर्शनेचे पती जमाली हे सुदर्शनेचे पुत्र होत. म्हणजे ते भगवंतांचे भाचे आणि संसारपक्षी जावईही. एकाच व्यक्तीशी दोन वाटांनी दोन नाती असू शकतात, आणि वंशवृक्षात त्या दोन्ही वाटा दाखवाव्या लागतात, याचे हे उदाहरण. दिगंबर परंपरेत मात्र भगवान अविवाहित मानले जातात. वैशालीचे राजे चेटक यांच्याविषयीही असाच भेद आहे. श्वेतांबर परंपरेत त्रिशला त्यांची भगिनी, तर दिगंबर परंपरेत कन्या. म्हणजे चेटक एका परंपरेत भगवंतांचे मामा आणि दुसरीत मातामह ठरतात. अशा भेदाचा निवाडा करण्याचा आग्रह वंशावळकाराने धरू नये. घराण्याच्या आठवणींतही दोन शाखा दोन गोष्टी सांगतात. दोन्ही लिहाव्यात, आणि कोणती कोणाकडून मिळाली तेही लिहावे.

साख, सपिंड आणि वारसा

ही चिकित्सा केवळ हौसेची नाही. ओसवाल समाजात विवाह ठरविताना चार साख टाळण्याची परंपरा आहे : स्वतःचे गोत्र, आईचे माहेरचे गोत्र, वडिलांच्या आईचे आणि आईच्या आईचे. या चारांपैकी तीन गोत्रे स्त्रियांच्या माहेरची आहेत. ज्या वंशावळीत आजीचे नाव केवळ ‘अमक्याची पत्नी’ एवढेच आहे, ती वंशावळ या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही. पूर्वी हे उत्तर घरातील वृद्ध स्त्रिया तोंडी देत. त्या पिढीबरोबर ते ज्ञानही जात आहे.

कायद्यातही हाच विचार आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा जैनांना लागू आहे. त्यानुसार सपिंड नाते पित्याच्या बाजूने पाच पिढ्यांपर्यंत आणि मातेच्या बाजूने तीन पिढ्यांपर्यंत मोजले जाते. मोजणी स्वतःपासून सुरू होते. पित्याकडून स्वतः, वडील, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा अशा पाच, आणि मातेकडून स्वतः, आई आणि आईचे आई-वडील अशा तीन. या मर्यादेतील विवाह, रूढीची मान्यता नसल्यास, वर्ज्य आहेत. दत्तकाच्या बाबतीत १९५६ चा कायदा सांगतो की दत्तक गेलेल्या व्यक्तीला जन्मघराच्या नात्याने वर्ज्य असलेला विवाह पुढेही वर्ज्यच राहतो. व्यापारी घराण्यांत गोद घेण्याची चाल पूर्वीपासून आहे. म्हणून गोद आलेल्या पूर्वजाच्या दोन्ही रेषा, जन्मघराची आणि दत्तकघराची, दाखविणे अगत्याचे ठरते.

वारसाहक्काचा १९५६ चा कायदा आप्तांची वर्गवारी अधिकच काटेकोरपणे करतो. मुलगा, मुलगी, विधवा पत्नी आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस. मृत मुलीची मुलेही त्याच वर्गात. केवळ पुरुषांच्या द्वारे जोडलेले ते गोत्रज आणि मध्ये एखादी स्त्री आल्यास भिन्नगोत्रज, असा पुढचा भेद आहे. महाराष्ट्राने १९९४ साली एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींना हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्रीय कायद्याने मुलीला मुलाप्रमाणेच जन्मसिद्ध सहदायाद मानले, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची आवश्यकता नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. कायद्याने ज्या लेकीला घराची मानले, तिला घराच्या वंशवृक्षाबाहेर ठेवणे आता कोणत्याही अर्थाने सयुक्तिक नाही.

नोंद कशी करावी

नात्याचे नाव हे बोलणाऱ्यावर अवलंबून असते. एकच स्त्री कोणाची आत्या, कोणाची नणंद, कोणाची जाऊ आणि कोणाची मावशी असते. म्हणून वंशवृक्षात ‘आत्या’ असे लिहून भागत नाही. ती कोणाची कन्या, कोणाची पत्नी आणि कोणाची माता, हे लिहावे. जन्म, विवाह आणि दत्तक या तीन दुव्यांतून इतर सर्व नाती आपोआप निष्पन्न होतात. ‘आजोबांच्या बहिणीचा नातू’ असे पायरीपायरीने लिहिलेले नाते कोणत्याही भाषेत आणि शंभर वर्षांनीही तसेच वाचता येईल.

प्रत्येक घराने आरंभी केवळ तीन पिढ्यांचा एक तक्ता करावा. त्यात प्रत्येक व्यक्तीचे कागदोपत्री नाव, घरातील हाक, जन्मगाव आणि आई-वडिलांची नावे असावीत. प्रत्येक विवाहित स्त्रीचे माहेरचे नाव, माहेरचे गोत्र आणि गाव असावे. विवाहानंतर नाव बदलले असेल तर दोन्ही नावे असावीत. प्रत्येक लेकीच्या पुढे तिच्या अपत्यांची ओळ मोकळी ठेवावी. अल्पायुषी ठरलेली मुले, अविवाहित राहिलेली भावंडे आणि दीक्षा घेतलेले साधू-साध्वी यांची संसारपक्षी नावेही गाळू नयेत. माहिती कोणी दिली आणि कोणत्या दिवशी दिली, हे तळाशी लिहावे.

हा तक्ता भरण्यास प्रारंभ करण्याचे ठिकाण म्हणजे घरातील सर्वांत वृद्ध स्त्री. तिला माहेर, सासर आणि आजोळ अशा तीन घरांची माणसे ठाऊक असतात, आणि ती ज्या शब्दांत ती सांगेल, ते शब्दही तिच्याबरोबरच टिपून ठेवण्याजोगे आहेत.